टी बॉक्स निवडताना या चुका टाळा: निळ्याचा मोह आणि दुसऱ्या शॉटचं गणित

पहिल्या टीवर उभा राहिलेला माणूस सहसा खरं बोलत नाही. बॉल अजून खिशात असतो, हातमोजा अर्धा चढवलेला असतो आणि कोणीतरी विचारतं, "काय, आज निळ्यावरून ना?" तिघं मान डोलावतात. चौथ्याला पांढऱ्यावरून खेळायचं असतं, पण तो गप्प बसतो. आमच्या रविवारच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, हा गप्प बसणारा मी होतो. एकेचाळिसाव्या वर्षी पुण्यात गोल्फ शिकायला लागलो, बरा लागला तर ड्राइव्ह (टीवरून मारलेला पहिला लांब शॉट) 190 यार्ड, आणि तरी तीन वर्षं मी 6,700 यार्डांचा कोर्स मागच्या टीवरून तुडवत होतो. प्रत्येक होलवर ड्राइव्हर (सगळ्यात लांब मारणारी काठी) झाला की 3-वूड (त्याखालोखाल लांब मारणारी), 3-वूड झाली की पुन्हा 3-वूड. शेवटी कॅडीच म्हणाला, "सर, बाकीची बॅग गाडीतच ठेवू का?"

ज्यांनी नुकतीच सुरुवात केलीय त्यांच्यासाठी दोन वाक्यं. (मराठी घरात 'गोल्फ क्लब' म्हटलं की नाशिकचं क्रिकेटचं मैदान आठवतं, म्हणून इतकं सांगणं भाग आहे.) प्रत्येक होलची सुरुवात जिथून होते त्या जागेला टी म्हणतात आणि तिथे वेगवेगळ्या रंगांच्या मार्करच्या जोड्या असतात. मागची जोडी म्हणजे लांब कोर्स, पुढची म्हणजे आखूड. ग्रीन (होलभोवतीचं गुळगुळीत गवत) तेच, बंकर (वाळूचे खड्डे) तेच, पण कोर्स हजार-दीड हजार यार्डांनी बदलतो. कोणत्या जोडीतून खेळायचं, हे स्पर्धा नसेल तर तुम्हीच ठरवायचं असतं. आणि इथेच गडबड होते, कारण हा निर्णय आपण वय, मान, सोबत आणि सवय बघून घेतो. आपला बॉल किती लांब जातो, हा प्रश्न मनात येतो तो पाचव्या-सहाव्या होलवर.

फक्त ड्राइव्ह मोजणं

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून आधी हीच. टी निवडताना लोक विचार करतात तो पहिल्या शॉटचा: "निळ्यावरून मारला तरी बॉल फेअरवेवर पोचतो की." पोचतो ना. पण बॉल फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्टीवर) पोचला म्हणजे होल खेळायला नुकती सुरुवात झाली. खरा प्रश्न असा की तिथून ग्रीनवर जायला तुमच्या हातात कोणती काठी येते?

400 यार्डांचा पार-4 घ्या, म्हणजे चार शॉटमध्ये संपवायचा होल: दोन शॉट ग्रीनपर्यंत, दोन ग्रीनवर. पीजीए टूरवरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या) खेळाडूचा ड्राइव्ह सरासरी 300 यार्डांच्या आसपास जातो. त्याला उरतात 100, म्हणजे वेज, जवळून मारायची काठी. माझा ड्राइव्ह 190, मला उरतात 210. माझी 3-वूड चांगल्या दिवशी 175 जाते. म्हणजे हा होल माझ्यासाठी कितीही नीट खेळलो तरी पार-4 नाहीच, तो पार-5 आहे. स्कोअरकार्डावर चार छापलंय एवढंच. असे आठ-दहा होल एका फेरीत आले की आपण ग्रीनकडे बॉल नुसता ढकलत नेत असतो. आयर्नचा (लोखंडी काठ्यांचा; आकडा जितका मोठा तितका शॉट आखूड) सराव होत नाही, ग्रीनवर बॉल थांबवायची कला येत नाही, आणि कोर्स बनवणाऱ्याने बंकर कुठे आणि का ठेवलेत हे आपल्याला कळायचं कारणच उरत नाही. ते बंकर 230 यार्डांवर आहेत. आपण त्यांच्या अलीकडे चाळीस यार्डांवर निवांत.

आता उलटं गणित करू. टूरवरचा खेळाडू 460 यार्डांच्या होलवर 300 चा ड्राइव्ह मारून 160 यार्डांवरून बहुधा 8-आयर्न घेतो. माझी 8-आयर्न जाते 115. म्हणजे त्याला जो होल 460 चा वाटतो, तो मला अनुभवायचा असेल तर माझ्यासाठी तो 190 अधिक 115, साधारण 305 यार्डांचा हवा. तीनशे पाच! हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मी कॅल्क्युलेटर पुन्हा तपासला.

यावरून निघालेला एक सोपा नियम जगभर वापरतात: तुमची 5-आयर्न किती जाते ते घ्या आणि त्याला 36 ने गुणा. 5-आयर्न 150 यार्ड जात असेल तर 5,400 यार्डांचा कोर्स तुमचा. 140 जात असेल तर 5,040. टूरवाल्यांची 5-आयर्न 200 च्या आसपास जाते, त्याचे होतात 7,200 आणि टूरचे कोर्स साधारण तेवढेच असतात. म्हणजे हिशेब आपल्याला कमी लेखत नाही. व्यावसायिकांना लागू असलेलं माप तो आपल्याला लावतो, इतकंच.

ड्राइव्हवरून अंदाज बांधायचा असेल तर त्याचाही तक्ता आहे. 2011 मध्ये यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना) आणि अमेरिकेच्या पीजीएने (व्यावसायिक गोल्फरांची संघटना) मिळून 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीम सुरू केली. कल्पना होती बार्नी अ‍ॅडम्स यांची, ज्यांची स्वतःची गोल्फच्या काठ्या बनवणारी कंपनी होती. त्या तक्त्यात 250 यार्ड ड्राइव्ह मारणाऱ्याला 6,200 ते 6,400 यार्डांचा कोर्स सांगितलाय. 225 वाल्याला 5,800 ते 6,000, 200 वाल्याला 5,200 ते 5,400, 175 वाल्याला 4,400 ते 4,600 आणि 150 वाल्याला 3,500 ते 3,700. हे वाचून बहुतेक पुरुषांची पहिली प्रतिक्रिया एकच असते: "छे, हे म्हाताऱ्यांसाठी असेल." तक्त्यात वयाचा रकाना नाही.

गेल्या वर्षीच्या त्या एका ड्राइव्हवर जगणं

"तुझा ड्राइव्ह किती?" असं विचारल्यावर माणूस सरासरी सांगत नाही, आठवण सांगतो. डिसेंबरात, उतारावर, मागून वारा असताना, कडक झालेल्या फेअरवेवर घरंगळत गेलेला तो एक बॉल. तो 240 गेला होता, हे खरं. पण त्याच दिवशी उरलेले तेरा ड्राइव्ह कुठे गेले ते कुणाला आठवत नाही.

खरं माप काढायचं तर सपाट होल बघा आणि वेगवेगळ्या दिवशी मिळून दहा ड्राइव्ह मोजा. जीपीएस घड्याळ किंवा लेझर असेल तर उत्तम. नसेल तर फेअरवेवरच्या अंतराच्या खुणांवरून वजाबाकी करा. दहातले सगळ्यात लांब दोन आणि सगळ्यात वाईट दोन सोडा, उरलेल्या सहांची सरासरी धरा. ड्रायव्हिंग रेंजवरचा आकडा धरू नका. तिथले बॉल वापरून वापरून थकलेले असतात आणि बऱ्याचदा मुळातच कमी उडणारे असतात. शिवाय रेंजवर तुम्ही एकच काठी घेऊन लागोपाठ वीस बॉल मारता. कोर्सवर पहिला बॉल मारून वीस मिनिटं होतात तेव्हा कुठे दुसऱ्यांदा ड्राइव्हर हातात येतो.

आणि कॅरी वेगळी मोजा. कॅरी म्हणजे बॉल हवेत किती गेला ते, जमिनीवर किती घरंगळला ते सोडून. टीसमोर तळं असेल, नाला असेल, तर घरंगळण्याचा काही उपयोग नाही. निळ्यावरून पाण्यापलीकडे जायला 170 यार्ड कॅरी लागत असेल आणि तुमची कॅरी 165 असेल, तर तो होल तुम्ही दर रविवारी एक बॉल दान करून सुरू करता.

एक छोटी गल्लत जाता जाता. फेअरवेवर पुष्कळ ठिकाणी लाल, पांढऱ्या, निळ्या चकत्या दिसतात. त्यांचा टीच्या रंगांशी काही संबंध नाही. ग्रीनपर्यंत 100, 150, 200 यार्ड उरल्याच्या त्या खुणा असतात.

मागची टी म्हणजे 'खरा कोर्स' असं समजणं

हा मानापमानाचा प्रयोग आहे आणि तो सगळीकडे चालतो. "एवढे पैसे भरलेत तर पूर्ण कोर्स खेळू" हे वाक्य मी पुण्यातही ऐकलंय आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मित्रांकडूनही. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडे राहणारी मंडळी कधी ना कधी लाँग आयलंडवरच्या बेथपेज ब्लॅकला जातातच. 2002 आणि 2009 ची यूएस ओपन तिथे झाली, 2025 चा रायडर कपही तिथलाच. त्या कोर्सच्या पहिल्या टीपाशी एक पाटी लावलेली आहे: हा कोर्स अत्यंत कठीण आहे, फक्त अत्यंत कुशल खेळाडूंनीच खेळावा अशी आमची शिफारस आहे. लोक पाटीशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि मग मागच्या टीकडे चालू लागतात.

याउलट अमेरिकेतलाच ऑगस्टा नॅशनल हा क्लब घ्या. तिथल्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेच्या वेळी तो कोर्स साडेसात हजार यार्डांच्या वर असतो. क्लबच्या सभासदांची टी मात्र आहे सुमारे 6,365 यार्डांची. जगातल्या सगळ्यात दबदबा असलेल्या क्लबचे सभासद स्पर्धेच्या टीपेक्षा हजारएक यार्ड पुढून खेळतात आणि त्यांच्या प्रतिष्ठेला काही होत नाही.

टोकियो ऑलिंपिकचंही उदाहरण आहे. कासुमिगासेकीचा एकच कोर्स, पुरुषांसाठी सुमारे 7,450 यार्ड, महिलांसाठी सुमारे 6,650. आपला उदयन माने तिथे लांब टीवरून खेळला, अदिती अशोक पुढच्या टीवरून. अदितीचा ड्राइव्ह मैदानातल्या इतरांच्या मानाने आखूड होता. तरी ती चौथी आली, पदक एका शॉटने हुकलं. तिची स्पर्धा पाहताना कुणाला टी पुढे आहे हे आठवलंसुद्धा नसेल. आपण रविवारी मात्र सातशे यार्ड पुढे जायला लाजतो.

रंगावर भरवसा

निळा म्हणजे मागचा, पांढरा मधला, लाल पुढचा, ही आपल्याकडची आणि अमेरिकेतली सवय. नियमांच्या पुस्तकात रंगांबद्दल काहीही लिहिलेलं नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये गेलात तर पांढरी टी बहुतेक क्लबांत स्पर्धेची, म्हणजे लांबची असते आणि रोजच्या खेळासाठी पिवळी. इथल्या सवयीने "मी पांढऱ्यावरून खेळतो" म्हणून तिथे उभे राहिलात तर स्टार्टर (पहिल्या टीवरून खेळाडूंना सोडणारा माणूस) नम्रपणे तुम्हाला पिवळीकडे पाठवेल. नाही पाठवलं तर त्याहून वाईट. अमेरिकेत सोनेरी रंग एका कोर्सवर सगळ्यात मागचा असतो, तर शेजारच्या कोर्सवर ज्येष्ठांचा.

म्हणून रंग विचारू नका, यार्ड विचारा. आणि यार्डच आहेत ना, तेही बघा. युरोपातल्या बऱ्याच देशांत आणि ऑस्ट्रेलियात कार्ड मीटरमध्ये असतं. 6,000 मीटर म्हणजे 6,560 यार्ड. मेलबर्नला राहणाऱ्या भाच्याने मला "मामा, आमचा कोर्स छोटा आहे, साडेपाच हजारच" असं सांगून नेलं होतं. ते मीटर होते, म्हणजे सहा हजार यार्ड. त्या दिवशी तिसऱ्या होलनंतर मी स्कोअर लिहायचं बंद केलं.

कार्डावरचा आकडाही रोजचा नसतो. तो मोजलेला असतो टीवर जमिनीत पक्क्या बसवलेल्या खुणेपासून. रंगीत मार्कर मात्र गवत जपण्यासाठी रोज थोडे मागे-पुढे हलवतात. एखाद्या दिवशी पांढरी टी निळीला चिकटलेली दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका आणि त्या दिवशीच्या स्कोअरवरून स्वतःला दोषही देऊ नका.

'लाल म्हणजे लेडीज'

ही चूक दुहेरी आहे. एकीकडे सत्तरीचे काका, ज्यांचा ड्राइव्ह आता 160 वर आलाय, लाल टीकडे बघायलाही तयार नसतात, कारण ती 'बायकांची'. तशी कुठली टी नसते. हँडिकॅपच्या (खेळाडूला कुवतीप्रमाणे मिळणाऱ्या जादा शॉटच्या) सध्याच्या पद्धतीत एकाच टीला पुरुषांसाठी वेगळं आणि महिलांसाठी वेगळं रेटिंग (ती किती कठीण याचा आकडा) देता येतं. पुरुष लाल टीवरून खेळू शकतो, ताकदवान मारणारी मुलगी निळ्यावरून.

दुसरीकडे, ज्यांच्यासाठी ती टी म्हणून दाखवली जाते, त्यांच्यासाठीच ती लांब असते, आणि हे फारसं कुणी बोलत नाही. कोर्सला रेटिंग देताना 'बोगी गोल्फर' (होलमागे पारपेक्षा साधारण एक शॉट जास्त घेणारी) महिला म्हणून जी खेळाडू गृहीत धरतात तिचा ड्राइव्ह 150 यार्ड आणि दोन शॉटमध्ये पल्ला 280 यार्ड असतो. आता लाल टी 5,300 यार्डांची असेल आणि पार-4 असेल 330 चा, तर ती दोन शॉटमध्ये ग्रीनपासून पन्नास यार्ड लांबच राहते. वरच्या तक्त्यात 150 यार्डवाल्यांना सांगितलेत 3,500 ते 3,700. म्हणजे नवऱ्याने निळ्यावरून खेळण्याचा जो हट्ट धरलेला असतो, तीच शिक्षा बायकोला लाल टीवर न मागता मिळते. मग "हिला गोल्फमध्ये रस नाही" असं म्हणायला आपण मोकळे. अमेरिकेतल्या कोर्स-रचनाकार अ‍ॅलिस डाय यांनी पुढच्या टी आणखी पुढे आणाव्यात आणि महिलांसाठी एकाऐवजी दोन टी असाव्यात म्हणून अनेक वर्षं आग्रह धरला होता. आपल्याकडच्या बऱ्याच कोर्सवर ते अजून व्हायचंय.

तोवर उपाय सोपा. स्पर्धा नसेल, मागे गर्दी नसेल, तर पार-4 आणि पार-5 ला बॉल सरळ फेअरवेच्या सुरुवातीला खुंटीवर लावा. मुलांना शिकवताना तर 150 यार्डांच्या खुणेपासूनच सुरुवात करा. पाच-सहा शॉटमध्ये बॉल होलमध्ये पडला की पोरगं पुढच्या रविवारी स्वतःच उठून बसतं.

'पुढून खेळलो तर हँडिकॅप बिघडेल'

हे मी इतक्यांदा ऐकलंय की जरा सविस्तर लिहितो.

2020 पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आली. त्यात प्रत्येक टीला दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूने त्या टीवरून साधारण किती मारावेत ते. स्लोप म्हणजे बोगी खेळाडूला तो कोर्स शून्यवाल्याच्या तुलनेत किती जास्त छळतो ते. स्लोप 55 ते 155 मध्ये असतो, प्रमाण धरलंय 113. अनेकजण स्लोपलाच कोर्सची एकूण काठिण्यपातळी समजतात. तो दोन प्रकारच्या खेळाडूंमधला फरक आहे, आणि मागच्या टीवर तो साधारण वाढतोच, कारण लांबीचा त्रास आखूड मारणाऱ्याला जास्त.

तुमच्या इंडेक्सला (म्हणजे तुमच्या मूळ हँडिकॅपला) स्लोपने गुणायचं, 113 ने भागायचं, आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं. झाला त्या टीवरचा तुमचा कोर्स हँडिकॅप. समजा पार 72 आहे. निळी टी 72.4 रेटिंग, 131 स्लोप, पांढरी 70.0 आणि 124, लाल 67.4 आणि 115. माझा इंडेक्स 20. निळ्यावरून मला 24 मिळतात, पांढऱ्यावरून 20, लालवरून 16. म्हणजे निळ्यावर 96, पांढऱ्यावर 92 आणि लालवर 88 हे तिन्ही स्कोअर माझ्यासाठी सारखेच. पुढे गेल्याने फुकट काही मिळत नाही आणि काही जातही नाही.

आता नाश्त्याच्या बिलाची पैज लागलीय आणि आमच्यातले काका लालवरून खेळायला कसेबसे तयार झालेत. त्यांचा इंडेक्स 22. लालवरून त्यांचा कोर्स हँडिकॅप येतो 18. मी पांढऱ्यावरून 20. म्हणजे इंडेक्स त्यांचा जास्त असूनही दोन शॉट मला मिळाले पाहिजेत, त्यांनी मला द्यायचे! पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा काकांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, दोनदा भागाकार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण ऑम्लेट-पाव मीच जिंकणार." जिंकलेही.

वेगवेगळ्या टीवरून खेळायला लोक घाबरतात ते या हिशेबामुळे, आणि हिशेब हँडिकॅपच्या अ‍ॅपवर दोन सेकंदांत होतो. आखूड टीला रेटिंग मिळत नाही हीसुद्धा जुनी गोष्ट झाली. 2024 च्या बदलानंतर अठरा होल मिळून 1,500 यार्डांच्या कोर्सलाही रेटिंग देता येतं.

फक्त एक काळजी: टी वेगळ्या असतील तर मागच्या टीवाल्यांनी आधी मारायचं आणि तोवर पुढच्यांनी मागेच थांबायचं. गप्पा मारत पुढे चालत जाऊन लाल टीवर उभं राहणारे महाभाग मी पाहिलेत. वाचले, हे त्यांचं नशीब.

जुलैत आणि जानेवारीत एकच टी

आपल्याकडे ही चूक खास. जानेवारीत पुण्याचे फेअरवे कोरडे, बॉल पडून वीस-पंचवीस यार्ड पळतो. जुलैत तोच बॉल पडल्या जागी रुततो, कधी स्वतःच्याच खड्ड्यात. ड्राइव्ह वीस यार्डांनी कमी, दुसरा शॉटही घरंगळत ग्रीनवर जाणार नाही, रफ (फेअरवेबाहेरचं वाढलेलं गवत) घोट्याएवढा. म्हणजे एका पार-4 वर तीसेक यार्ड आणि पूर्ण फेरीत चार-पाचशे यार्ड कोर्स लांब झाला. एक अख्खी टी, म्हणा ना. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर एक टी पुढे या आणि दिवाळीनंतर मागे जा.

उंचीचं मात्र उगाच कौतुक करतात. "मुंबईला बॉल कमी जातो, पुण्यात जास्त" असं ऐकायला येतं. ढोबळ हिशेबाने दर हजार फुटांमागे एक टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. पुणे साधारण 1,840 फुटांवर, म्हणजे 200 यार्डांच्या ड्राइव्हला चार यार्ड. गुलमर्गला गेलात तर वीसेक यार्ड मिळतील, तिथे जरूर एक टी मागे जाऊन बघा.

लक्षणं आणि निदान

टी चुकलीय हे स्कोअरवरून लगेच कळत नाही, कारण वाईट स्कोअरला शंभर कारणं असतात. काठ्यांवरून कळतं. पुढच्या फेरीत प्रत्येक होलवर ग्रीनकडे मारताना कोणती काठी घेतली ते कार्डाच्या कडेला लिहून ठेवा. दहापैकी सात वेळा वूड किंवा हायब्रिड (वूड आणि आयर्नमधली काठी) असेल तर तुम्ही मागे आहात. पार-3 ला दोनपेक्षा जास्त वेळा ड्राइव्हर किंवा 3-वूड घ्यावी लागली तरी तेच. नीट लागलेले दोन शॉट मारूनही पार-4 च्या ग्रीनपर्यंत पोचता येत नसेल, असे होल मोजा. तीन-चार असले तर चालतील, नऊ असतील तर टी बदला.

फेरीला पाच तास लागतात आणि मागचा फोरबॉल कमरेवर हात ठेवून उभा असतो, हेही लक्षण. लांब कोर्सवर शॉट वाढतात, जोर लावून मारल्याने बॉल झाडीत जातात, आणि नियमाने शोधायला तीनच मिनिटं असली तरी आपण सात मिनिटं घालवतो. चौदाव्या होलनंतर पाठ धरते ती वयामुळे, असं मला वाटायचं. एक टी पुढे आल्यावर पाठ बरीच तरुण झाली.

उलट लक्षणंही असतात, ती क्वचित दिसतात. ड्राइव्हर मारला की बॉल वळणाच्या पलीकडे झाडांत जातो किंवा पलीकडच्या बंकरमध्ये, म्हणून तुम्ही सात-आठ होलवर 5-आयर्नने टी-ऑफ करताय. प्रत्येक पार-4 ला हातात वेजच. लागोपाठ पाच-सहा फेऱ्यांत असं झालं तर मागे जा, खुशाल जा. पण एका चांगल्या फेरीवरून जाऊ नका. ज्यांनी 5,400 यार्डांवरून एकदा 84 मारले आणि पुढच्या रविवारी निळ्यावर उडी घेतली अशांची यादी मोठी आहे, आणि त्या यादीत मी दोनदा आहे.

दोन टींच्या मध्ये अडकला असाल, पांढरी लांब आणि लाल आखूड वाटत असेल, तर मिसळ करा. लांब पार-4 लालवरून, बाकी पांढऱ्यावरून. काही क्लब अशी मिश्र टी कार्डावर छापतात आणि तिला रेटिंगही असतं. छापलेली नसेल तर मैत्रीच्या खेळात स्वतः ठरवा, मात्र पहिल्या होलआधी ठरवा. तळं दिसल्यावर ठरवलं तर कॅडीसुद्धा हसतो.

स्पर्धेत मात्र निवड नाही. समितीने सांगितलेली टी तीच तुमची. चुकून शेजारच्या मार्करमधून मारलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजायच्या स्पर्धेत) दोन शॉटचा दंड, तो शॉट मोजायचा नाही आणि बरोबर टीवरून पुन्हा मारायचं. पुढच्या होलला टी-ऑफ करेपर्यंत दुरुस्त केलं नाही तर स्पर्धेतून बाद. बॉल मार्करच्या पुढे एक बोटभर लावला तरी हाच नियम. मागे मात्र दोन काठ्यांच्या लांबीइतकी जागा मिळते, पाय बाहेर असले तरी चालतात, बॉल आत हवा. मार्करच्या रेषेवर कपाळ टेकून बॉल लावणाऱ्यांनी ती मागची जागा वापरावी, तिथे गवत बहुधा सपाट असतं.

फोरबॉलमध्ये विषय कसा काढायचा, हा शेवटचा आणि अवघड भाग. "मला झेपत नाही" असं म्हणवत नाही, हे मला माहीत आहे. आमच्याकडे तोडगा असा निघाला: पहिल्या टीवर पोचण्याआधी, पार्किंगमध्येच, प्रत्येकाने आपली 5-आयर्न किती जाते ते सांगायचं आणि कॅडी गुणिले 36 करणार. खोटं बोलणाऱ्याला तिसऱ्या होलवर, 150 यार्डांच्या खुणेपाशी, सगळ्यांसमोर 5-आयर्न मारून दाखवावी लागते. पहिल्या आठवड्यात आम्हा चौघांचीही 5-आयर्न 170 जात होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती 145 वर आली आणि तेव्हापासून दोघं पांढऱ्यावर, मी कधी पांढऱ्यावर कधी मिसळीवर, काका लालवर. मध्ये निळ्यावर एक पाहुणा आला होता. त्याची 5-आयर्न खरंच 185 गेली. त्याला आम्ही निळ्यावर एकट्याला पाठवलं आणि मागे उभं राहून बघत बसलो.